आत्या, कोड सांग

नवा फोन घेतला की माणूस आधी त्याला काच बसवतो, मग कव्हर घालतो, मग ओळखीच्या चार जणांना तो केवढ्याला पडला ते सांगतो. जुन्या फोनात काय राहून गेलं, हे त्याच्या ध्यानात येतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. अकोल्याच्या जठारपेठेत हारफुलांचं दुकान चालवणारा गजेंद्र काही जगावेगळा नव्हता. त्याचंही तसंच झालं.

गजेंद्र माणूस सरळ. पहाटे बाजारातून फुलं आणायची, दिवसभर बायकोसोबत बसून हार ओवायचे, लग्नसराईत नवरदेवाच्या गाड्या सजवायच्या, एवढंच त्याचं जग. पण त्याला एक नाद होता, आणि तो फुलबाजारात दुसऱ्या कोणाला नव्हता. हंगाम संपला की हाती उरलेल्यातलं थोडं तो क्रिप्टोच्या एका एक्स्चेंजवर टाकायचा. बिटकॉइन म्हणजे नेमकं काय, असं कोणी विचारलं असतं तर तो डोकं खाजवत बसला असता. पण दसऱ्याला सोन्याच्या भावानं विकला जाणारा झेंडू दुसऱ्या दिवशी रस्त्यावर गाई खातात, हे ज्यानं जन्मभर पाहिलं, त्याला भाव वरखाली होण्याची भीती कसली वाटणार?

तर या खात्याला कुलपं दोन. एक पासवर्डचं, ते गजेंद्रच्या डोक्यात. दुसरं सहा आकडी कोडचं. हा कोड फोनातल्या एका ॲपमध्ये दिसायचा आणि दर अर्ध्या मिनिटाला बदलायचा. नवा फोन आला तेव्हा हे ॲप नव्यात आणायचं राहून गेलं. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता तो जुना फोन त्यानं मैनाआत्याला देऊन टाकला.

मैनाबाई ही त्याच्या वडिलांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. पुढे गजेंद्रची आई वारली, तेव्हा त्या एवढ्याशा पोराला पदराखाली घेतलं ते तिनंच. नांदगाव खंडेश्वरजवळ त्यांचा फुलमळा होता. लग्नानंतर गजेंद्र अकोल्याला आला, वडील गेले, तरी आत्या मळ्यातल्या दोन खोल्यांच्या घरातून हलली नाही. चल म्हटलं की म्हणायची, "अकोल्यात मले फुलायचा वास कुटून येईन बाप्पा? तुया घरी तं नुसता कूलरचा वास येते."

फोन तिला भजनं ऐकायला दिला होता. कोडचं ॲप तसंच आत. मग गजेंद्रला खातं उघडायचं असलं की तो दुकानातून मळ्यात फोन लावायचा आणि म्हणायचा, "आत्या, कोड सांग." आत्याला अक्षरं फारशी येत नव्हती, पण आकडे चांगले येत. ती चष्मा लावायची, ॲप उघडायची, आणि कोड सोडून सगळं सांगायची. विहिरीला पाणी किती आहे, शेजारच्या सहदेवच्या गाईनं कुंपण कसं तोडलं, खुशी जेवते की नाही. खुशी म्हणजे गजेंद्रची मुलगी. कोडशेजारचं ते लहानसं गोल चक्र सरत आलं की म्हातारी म्हणायची, "हे पाय, हा तं संपला. आता थांब दुसऱ्याची." मुद्दाम करायची, हे त्यालाही कळत होतं. खरं सांगायचं तर म्हणूनच त्यानं ते ॲप नव्या फोनात कधी आणलं नाही. म्हातारीशी बोलायला एक निमित्त होतं, ते कशाला घालवायचं?

मग दिवाळीनंतर, शेवंती ऐन भरात असताना, आत्या गेली. झोपेतच गेली. उशाखाली फोन होता आणि तो भजन म्हणतच होता.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे बसलेले होते, पण एकही खाली उतरत नव्हता. गजेंद्रनं हात जोडून मळा विकणार नाही म्हणून सांगितलं. शेजारच्या शेतातल्या सहदेवनं, जो आत्याला बहीण मानायचा, तिच्या घरावर लक्ष ठेवीन म्हणून सांगितलं. ऊन चढलं, लहान पोरं भुकेनं कुरकुरायला लागली. शेवटी गजेंद्रची बायको दामिनी पुढे झाली. ती बोलायला फटकळ, मनानं मऊ. ती म्हणाली, "आत्याबाई, तुमचा मोबाईल कोनालेच देनार नाई. त्याले कोनी हात लावनार नाई. तुमच्या कोनाड्यातच राहीन तो. झालं?"

कावळा तीरासारखा खाली आला. रडणाऱ्या बायकासुद्धा हसल्या. त्याच दिवशी फोन आत्याच्या कोनाड्यात ठेवला, त्यावर तिचा चष्मा ठेवला, घराला कुलूप लावलं आणि किल्ली सहदेवकडे दिली. खात्याचा कोड त्या फोनात आहे, हे गजेंद्रला त्या दिवशी आठवलंसुद्धा नाही. आणि आठवलं असतं तरी त्या वेळी कोण बोललं असतं?

आठवलं ते चैत्रात. दुकानाचा गाळा भाड्याचा होता, आणि गाळ्याचे मालक शेषराव आता तो विकायला निघाले होते. माणूस भला. म्हणाले, "गजेंद्र, पयला हक्क तुया. पन अक्षय तृतीयेले इसार पायजे. दुसरा एक जन तयार बसला हाये, मले थांबवत नाई." दुकान गेलं तर टोपली घेऊन फुटपाथवर बसायची पाळी. गजेंद्र हसत हसत "देतो की" म्हणाला. पैसा होता, एक्स्चेंजवर पडून होता. त्यानं पासवर्ड टाकला. समोर सहा रिकामी घरं आली. आणि तोंडातून सवयीनं निघालं, "आत्या..."

दामिनीनं सुई थांबवली आणि त्याच्याकडे पाहिलं. दोघांनाही एकदमच समजलं.

"मळ्यात जाऊन फोन आनतो," तो म्हणाला.

"शब्द देल्ला हाये," दामिनी म्हणाली. "कावळा शिवला हाये. त्या फोनले हात नाई लावाचा. दुसरा काई रस्ता असनच ना?"

रस्ता होता. फोन हरवलेल्यांसाठी एक्स्चेंजनं सोय ठेवली होती. आपला चेहरा कॅमेऱ्यासमोर धरायचा, डोळे मिटायचे, उघडायचे, मान डावीकडे, मान उजवीकडे. पटलं तर ते जुनं कुलूप काढून नवं लावून देणार. गजेंद्रनं दुकानातच बसून मान हलवली. पडद्यावर आलं, "चौकटीत एकच चेहरा असावा." मागे देवांच्या तसबिरी होत्या. त्यानं त्या भिंतीकडे तोंड करून ठेवल्या, देवांची माफी मागितली आणि पुन्हा मान हलवली. तेच उत्तर. मग घरी जाऊन पांढऱ्या भिंतीसमोर बसला. त्या भिंतीवर पालसुद्धा नव्हती. तरी, "चौकटीत एकच चेहरा असावा."

मशीनचं डोकं फिरलं असेल म्हणून त्यानं तक्रार लिहिली. त्यांनी व्हिडिओ कॉलची वेळ दिली, भर दुपारची. वैशाख तोंडावर आला होता. अकोल्याची उन्हाळ्यातली दुपार ज्यानं पाहिली नाही त्याला वाटतं की भुतं रात्री असतात. रस्त्यावर चिटपाखरू नसतं, कुत्री गटारात अंग टाकून पडतात, आणि सगळ्या गल्लीत कूलरच्या घरघरीशिवाय दुसरा आवाज नसतो. दामिनी दुकानात होती, खुशी शेजारी खेळायला गेली होती. गजेंद्र एकटा भिंतीला पाठ लावून बसला.

पलीकडून एक मुलगी बोलू लागली. आवाज गोड, बोलणं पुण्याकडचं. नाव, जन्मतारीख विचारून झाली. मग ती म्हणाली, "सर, मागे आजी बसल्यात, त्यांना जरा बाजूला बसायला सांगता का?"

गजेंद्रनं मागे पाहिलं. भिंत होती.

"कोन्या आजी?"

"तुमच्या मागे खाली बसल्यात त्या. डोक्यावर पदर आहे. घाई नाही सर, त्यांचं काम होऊ द्या."

"काय... काय करून राह्यल्या त्या?"

"फुलं निवडतायत," ती मुलगी सहज म्हणाली. मग थोडी थांबली. "सर... आता त्यांनी वर पाहिलं."

गजेंद्रनं फोन उपडा टाकला. कूलरची गार हवा अंगावर येत होती तरी मानेवरून घाम ओघळत होता. हळूहळू त्याला वास आला, ओल्या शेवंतीचा. भर उन्हाळ्यात शेवंती कुठून येणार?

तो अनवाणीच दुकानात पळाला. तापल्या डांबरानं पाय भाजले ते त्याला तिथं पोचल्यावर कळलं. दामिनीनं सगळं ऐकून घेतलं. भीती तिलाही वाटली असणार, पण तिच्या तोंडून निघाला तो राग, आणि तोही नवऱ्यावर.

"चूक तुमचीच हाये," ती म्हणाली. "इतके वर्स तिच्या तोंडून कोड घेतला. अन् आता परभारे चालले. तिले इचारलं काय तुमी? पुन्यामुंबईच्या लोकायले इचारता, अन् घरच्या मानसाले नाई?"

"ती गेली वं दामिनी."

"गेली तं काय झालं? मांगं बसून फुलं निवडून राह्यली ना?"

बायको एकदा अशी बोलायला लागली की वकीलसुद्धा खाली बसेल.

दुसऱ्या दिवशी तो बडनेऱ्याला एसटी बदलून नांदगावकडे निघाला. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, ऊन लागू नये म्हणून दामिनीनं खिशात घातलेला कांदा, आणि मनात एकच विचार: फोनला हात लावायचा नाही, नुसतं विचारायचं. फाट्यावर उतरून तो मळ्याच्या वाटेला लागला. काळ्या रानाला भेगा पडल्या होत्या. मळ्यात फुलाचं नाव नव्हतं, नुसते वाळलेले खुंट उभे होते.

सहदेवनं किल्ली दिली, माठातलं पाणी दिलं. मग जरा घुटमळत म्हणाला, "गजू, तुया आत्याच्या घरातून कधीमधी दुपारी भजन आयकू येते. मी म्हटलं, असन कोनाचा रेडिओ..."

"तुमी पाह्यलं नाई?"

"माहा काय जीव वर आला हाये?" सहदेव म्हणाला आणि परत सावलीत जाऊन बसला.

गजेंद्रनं कुलूप काढलं, दार लोटलं आणि ओसरीवरच बसला. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं आणि आत गडद, गारसर काळोख. हळूहळू डोळे अंधाराला सरावले तशी आत्याची बाज दिसली, तिच्या डोक्याशी कोनाडा दिसला, कोनाड्यात फोन, फोनवर चष्मा. दिवाळीपासून कोणी तो चार्ज केला नव्हता. त्यातलं सिम केव्हाच बंद पडलं होतं, हे त्याला माहीत होतं. कुठूनतरी वाळलेलं पान जमिनीवरून घासत गेलं आणि थांबलं.

आता दारात बसून मोठ्यानं बोलायचं? त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्यानं आपल्या फोनवर एक्स्चेंजचं पान उघडलं, पासवर्ड टाकला. सहा रिकामी घरं आली. मग त्याच्या बोटांनी जे वर्षानुवर्षं केलं होतं तेच केलं. आत्याचा नंबर लावला.

हा क्रमांक सेवेत नाही, असं ऐकायची त्यानं तयारी ठेवली होती.

रिंग गेली.

आतल्या काळोखात भजन वाजू लागलं. आवाज बारीक होता, पण कोनाड्यातूनच येत होता. तिथला पडदा मात्र काळाच होता, उजेडाचा ठिपका नाही. गजेंद्रला उठून पळावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं. मग बाज करकरली, कोणीतरी कुशीवरून उठून बसावं तशी. भजन थांबलं.

"बोल गज्या..." त्याच्या कानात आवाज आला.

थोडा लांबून, थोडा झोपेतून उठल्यासारखा. पण तिचाच.

"आत्या..."

"जेवला काय?"

आणि त्या एका प्रश्नाबरोबर, का कोण जाणे, गजेंद्रची भीती निम्मी झाली. दिवाळीपासून हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. दामिनी वाढायची, विचारायची नाही.

"जेवलो," तो म्हणाला. "दामिनीनं भाकर बांधून देल्ली होती."

"अन् खुशी?"

"ते पन जेवते आता. आत्या..." त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "आत्या, कोड सांग."

ओल्या शेवंतीचा वास दारातून बाहेर आला आणि त्याच्या अंगाभोवती दाटला.

"विहिरीले पानी नाई उरलं बाप्पा," आवाज म्हणाला. "तू पाह्यली काय? तिकडच्या बाजूनं ढासळली हाये... हे पाय, हा तं संपला. थांब आता दुसऱ्याची."

गजेंद्र थांबला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो चक्क हसत होता.

"हं, लिव. तीन... शून्य... आठ... आठ... येक... सहा."

त्यानं आकडे टाकले. खातं उघडलं. सगळं जागच्या जागी होतं. त्यानं विक्री केली. पैसे बँकेकडे वळवायला पुन्हा कोड लागला, तोही आत्यानं दिला, मध्ये सहदेवच्या गाईची चौकशी करून. आता शेवटचं काम उरलं होतं, कोडचं कुलूप कोनाड्यातल्या फोनवरून आपल्या फोनवर आणण्याचं. ते विचारताना त्याला चोरासारखं वाटलं.

"आत्या, हे आता माया फोनात घेतो. तुले दर खेपेले तरास नको."

बाज एकदा करकरली.

"घे," आवाज म्हणाला. "तुयंच हाये ते." आणि शेवटचे सहा आकडे तिनं इतक्या हळू सांगितले की त्याला कान फोनला चिकटवावा लागला.

काम झालं. आता फोन ठेवायचा. गजेंद्र सरळ माणूस, आणि आमच्या वऱ्हाडात माणूस कोणाच्याही घरून निघताना जे म्हणतो तेच त्याच्या तोंडून गेलं. विचार करून म्हटलेलं ते नसतंच, जिभेलाच पाठ असतं.

"बरं आत्या, येतो मी. काई लागलं तं सांगजो."

"सांगीन," ती म्हणाली.

फोन बंद झाला. गजेंद्रनं धीर करून उंबऱ्यातून आत मान घातली. बाज रिकामी होती. कोनाड्यातल्या फोनवर आणि चष्म्यावर धुळीचा थर होता, आणि तो कुठेही मोडलेला नव्हता.

परतीच्या वाटेवर त्याला वाटलं होतं की आपण घाबरून थरथरत असू. तसं काही झालं नाही. बडनेऱ्याला तो उसाचा रस प्यायला, दोन ग्लास, आणि एसटीत खिडकीशी बसून उगाचच आनंदात राहिला. रात्री दामिनीला सांगताना तो आत्याच्या आवाजाची नक्कलसुद्धा करू लागला. दामिनी हसली, मग पदरानं डोळे पुसून पुन्हा हसली. आणि मध्येच थांबली.

"सांगजो म्हटलं तुमी? गेलेल्या मानसाले?"

"सवय हाये ना वं तोंडाले."

"मंग ते काय म्हनली?"

"सांगीन म्हनली."

दामिनीनं उठून देवाजवळच्या दिव्यात तेल घातलं.

पैसे वेळेत बँकेत आले. अक्षय तृतीयेच्या सकाळी शेषरावांच्या हातात इसार पडला, त्यांनी कागदावर सही केली आणि पेढे वाटले. "आता हा गाळा तुमचा," म्हणाले. दामिनीनं उंबऱ्याला झेंडूचं तोरण बांधलं. त्या दिवशी आपल्याकडे पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, कारण वैशाखात गेलेल्यांनाही तहान लागते असं म्हणतात. तिनं दुकानाच्या कोपऱ्यात नवी घागर भरून ठेवली, त्यात वाळा टाकला, वर आंबा ठेवला. दुपार चढली तसं गिऱ्हाईक ओसरलं. गजेंद्रनं शटर अर्धं खाली ओढलं, आणि नवराबायको स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या जमिनीवर पाय पसरून हार ओवत बसले. इतकं सुख गजेंद्रला त्याच्या लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

फोन वाजला. आत्याचा नंबर.

दामिनीनं पाहिलं, त्यानं पाहिलं. त्यानं फोन उचलून कानाला लावला.

"गज्या," आवाज आला. या वेळी झोपेतला नव्हता, घाईतला होता. तिच्यामागे गजबज होती, एसटी स्टँडवर असते तशी, पण दबलेली. "गज्या, कोड सांग बावा."

"कोनता कोड... आत्या?"

"तुया फोनात हाये. पाय ना लवकर. लोकं उनात उभे हायेत."

त्यानं ॲप उघडलं. एक्स्चेंजच्या कोडखाली आणखी एक कोड होता. त्यानं तो टाकला नव्हता. त्याला नाव नव्हतं. सहा आकडे आणि शेजारी सरत चाललेलं गोल चक्र.

"नोका सांगू," दामिनी कुजबुजली.

पण म्हातारीनं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. ज्या बाईनं तीन वेळा न कुरकुरता आकडे दिले, तिला नाही कसं म्हणायचं? आणि शब्द त्यानंच दिला होता. गजेंद्रनं आकडे वाचले. एकेक करून, सावकाश, ती त्याला सांगायची तसे. पलीकडे कोणीतरी ते पुटपुटत टिपून घेतले.

मग फोनमध्ये लोखंडी कडी सरकल्याचा आवाज आला, आणि आत्या मोकळा श्वास टाकून म्हणाली, "उघडलं बाप्पा." मग तोंड फिरवून दुसऱ्या कोणाला तरी, मोठ्यानं, "येकेक करून या रे... गर्दी नोका करू."

फोन बंद झाला.

अर्ध्या शटरखालून उन्हाचा पट्टा आत आला होता. तो मध्येच अंधारला, पुन्हा उजळला, पुन्हा अंधारला. बाहेर रस्त्यावर कोणी नव्हतं. फरशीवर अनवाणी पावलं वाजू लागली, हळू, दमलेल्या माणसांची, आणि सगळी घागरीच्या दिशेनं.

दामिनीचा चेहरा पांढरा पडला होता, पण हातातला हार तिनं सोडला नाही. खालीच पाहत ती नवऱ्याला म्हणाली, "पानी द्या त्यायले... उनाचे आले हायेत."

गजेंद्र उठला. आलेल्याला आधी पाणी, मग विचारपूस, हे त्याला आत्यानंच शिकवलं होतं. त्यानं घागरीतून ग्लास भरला आणि समोरच्या रिकाम्या जागेत धरला. आत्याच असेल, तो मनाशी म्हणाला, सगळ्यांत पुढे आत्याच असेल.

ग्लास त्याच्या हातातून अलगद घेतला गेला. घेताना बोटं त्याच्या बोटांना लागली, बर्फासारखी गार.

आत्याचा हात धरून तो चालायला शिकला होता, तिची बोटं त्यानं डोळे मिटूनही ओळखली असती. ही तिची नव्हती. ही फार लहान होती, कोणा परक्या लेकराची.